जुन्या लॅपटॉपसाठी हलका लिनक्स डेस्कटॉप : आधी मशीन मोजा, मग निवडा

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कीबोर्ड, स्क्रीन, बिजागऱ्या सगळं धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप कपाटात जाऊन बसले. त्यांच्यावर लिनक्स टाकायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सगळ्यात हलका डेस्कटॉप (म्हणजे पॅनेल, मेनू, खिडक्या हा डोळ्यांना दिसणारा भाग) कोणता?’

या प्रश्नाचं उत्तर लॅपटॉपच्या रॅमवर अवलंबून आहे आणि थोडं गणित केलं की ते कळतं. मशीन सुरू करून काहीही न उघडता नुसतं ठेवलं, तर आइसडब्ल्यूएम हा साधा विंडो मॅनेजर असलेला अँटीएक्स हा डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) साधारण २०० ते ३०० एमबी रॅम घेतो. डेस्कटॉपपैकी एलएक्सक्यूटी ४०० ते ६०० एमबी, एक्सएफसीई ५०० ते ८००, माटे त्याच्या जरा वर, सिनॅमन एक जीबीच्या आसपास आणि नोम त्याहून जास्त. म्हणजे सगळ्यात हलक्या आणि बऱ्यापैकी जड डेस्कटॉपमधला फरक पाऊण ते एक जीबीचा. याउलट ब्राउझर पाच-सहा टॅब उघडले की एकटाच एक ते दीड जीबी खातो. दोन जीबी रॅमवर डेस्कटॉपची निवड सगळं ठरवते, चार जीबीवर ती थोडी मदत करते आणि आठ जीबीवर तिने फारसा फरक पडत नाही. तिथे अडतं ते हार्ड डिस्क आणि ग्राफिक्सपाशी.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी मोजणी, मग गरज असेल तर डिस्क आणि रॅम, मग डेस्कटॉप.

१. मशीनची मोजणी

लॅपटॉपवर विंडोज चालत असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा. प्रोसेसरचं नाव, रॅम आणि मशीन चालू करणारं बायोस जुन्या पद्धतीचं आहे की यूईएफआय या नव्या पद्धतीचं, हे तिघंही एकाच पानावर दिसतात. विंडोज उठतच नसेल तर कोणत्याही लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) मशीन चालू करा आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. (या लेखातल्या आज्ञा देवनागरीत आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या.)

‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की वरच्या दोन-तीन ओळींतच ‘३२-बिट, ६४-बिट’ असा उल्लेख येतो. दोन्ही लिहिलेले असतील तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे. नुसतं ‘३२-बिट’ असेल तर पुढचा ३२ बिटवाला भाग नीट वाचा. याच यादीत खाली ‘फ्लॅग्ज’ ही लांबलचक ओळ असते. तिच्यात ‘एईएस’ आहे का तेही बघून ठेवा. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची असेल तर हे उपयोगी पडतं. कोअर २ ड्युओमध्ये आणि दुसऱ्या पिढीच्या कोअर आय३ मध्येही ही सोय नाही. तिथे एन्क्रिप्शनचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि तो जाणवतो.

‘फ्री -एच’ रॅम दाखवते. इथे नेहमी एक गल्लत होते : लोक ‘फ्री’ हा रकाना पाहतात, तिथे १५० एमबी दिसतं आणि रॅम संपली असं वाटतं. लिनक्स रिकामी रॅम डिस्कवरच्या फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि कुणाला लागली की लगेच सोडतो. खरी शिल्लक शेवटच्या ‘अव्हेलेबल’ रकान्यात असते. दोन डेस्कटॉपची तुलना करताना मशीन चालू झाल्यावर तीन मिनिटं थांबा आणि याच रकान्यातला आकडा लिहून घ्या.

आता डिस्कची तब्येत. ‘जीस्मार्टकंट्रोल’ किंवा नोमचं ‘डिस्क्स’ उघडा आणि स्मार्टची माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहा. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या : क्रमांक ५, ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर काउंट’, आणि क्रमांक १९७, ‘करंट पेंडिंग सेक्टर’. दुसरीचा कच्चा आकडा शून्याहून जास्त असेल तर डिस्क काही जागा वाचूच शकत नाहीये. अशा डिस्कवर कितीही हलका लिनक्स टाकला तरी मधेच दहा-वीस सेकंद मशीन गोठणार. तिच्यावर वेळ घालवू नका, आधी आतला डेटा बाहेर काढा.

२. ३२ बिटचा रस्ता संपत आलाय

प्रोसेसर खरोखरच फक्त ३२ बिटचा असेल (जुने पेंटियम एम, पहिली कोअर ड्युओ मालिका, सुरुवातीचे काही अ‍ॅटम), तर पर्याय मोजके आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. त्यामुळे डेबियन १२ आणि त्यावर बांधलेल्या एमएक्स २३ आणि अँटीएक्स २३ च्या ३२ बिट आवृत्त्या हाताशी राहतात. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडला आणि फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये १४४ व्या आवृत्तीनंतर त्याचा निरोप घेतला. अशा मशीनवर आजचं वेब नीट चालेल अशी आशा धरू नका. गाणी, पीडीएफ, लिखाण, घरातल्या नेटवर्कवर फाइली ठेवणं, यासाठी मात्र ते अजून उपयोगाचं आहे.

रॅम दोन जीबीच असेल तर ३२ बिट घ्यावं का, असा प्रश्न पडतो, कारण ६४ बिट थोडी जास्त रॅम खातो. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिटच घ्या. वाचलेली रॅम नवा ब्राउझर न मिळाल्याने वाया जाते.

काही छोट्या अ‍ॅटम नेटबुकांमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा पण यूईएफआय ३२ बिटचं असतं. पेन ड्राइव्ह बूटच्या यादीत दिसतच नसेल तर संशय इथे घ्या. डेबियनचा इन्स्टॉलर हे जोडपं ओळखतो, बऱ्याच डिस्ट्रोंचे ओळखत नाहीत.

३. डेस्कटॉपआधी डिस्क

तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० फेऱ्या मारते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात, त्यात डोकं सरकवण्याचा वेळ वेगळा. अशाने विखुरलेल्या छोट्या फाइली ती सेकंदाला जेमतेम साठ-ऐंशीच वाचू शकते. साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. मशीन चालू होणं, ब्राउझर पहिल्यांदा उघडणं, अपडेट टाकणं ही सगळी कामं अशाच छोट्या वाचनांची असतात. म्हणून एसएसडीवरचा सिनॅमन हा हार्ड डिस्कवरच्या एलएक्सक्यूटीपेक्षा चपळ वाटतो. लॅपटॉपचा साटा दुसऱ्या पिढीचा, ३ गिगाबिटचा असला तरी काही बिघडत नाही. फरक पडतो तो थांबण्याचा वेळ गेल्याने, नुसत्या वेगाने नाही.

१२० किंवा २४० जीबीची अडीच इंची एसएसडी पुरते. जुन्या डिस्का ९.५ मिमी जाडीच्या असत, एसएसडी ७ मिमीची असते. त्यामुळे खणात ती सैल बसते आणि लॅपटॉप उचलला की कनेक्टरवर ताण येतो. अडीच मिमीची प्लॅस्टिकची चौकट बऱ्याच एसएसडींसोबत मिळते, ती लावा. जुनी डिस्क ज्या धातूच्या पट्टीत होती ती पट्टी आणि तिचे चार स्क्रू नव्या डिस्कला वापरायचे असतात, ते टाकून देऊ नका. बायोसमध्ये साटाचा मोड ‘आयडीई’ असेल तर इन्स्टॉल करण्यापूर्वीच तो ‘एएचसीआय’ करा. जुनं विंडोज ठेवणार असाल तर हा बदल करू नका, निळी स्क्रीन येईल.

रॅम वाढवायची असेल तर आधी जात पाहा. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकमेकांत बसत नाहीत. डीडीआर३ आणि डीडीआर३एल मात्र हुबेहूब दिसतात. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टची. ‘एल’वाली पट्टी सहसा जुन्या खाचेतही चालते, पण फक्त कमी व्होल्ट देणाऱ्या मशीनमध्ये (चौथ्या पिढीच्या कोअर मालिकेपासून पुढे बहुतेक) १.५ व्होल्टची पट्टी टाकली की स्क्रीन काळीच राहते. शंका असेल तर डीडीआर३एल घ्या. इंटेल ९४५ चिपसेटच्या लॅपटॉपवर चार जीबी टाकली तरी सव्वातीन जीबीच्या आसपासच दिसते. ती चिपसेटची मर्यादा आहे, पट्टी खराब नाही.

झाकण उघडलंच आहे तर पंख्याकडे बघा. पंख्याची पाती साफ दिसली तरी फसू नका. धूळ पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे, आतल्या बाजूला साठते आणि कालांतराने तिचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. पंखा सोडवल्याशिवाय तो दिसतही नाही. चिमट्याने तो अख्खा निघतो. प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि मग ‘लिनक्ससुद्धा हळूच चालतंय’ अशी तक्रार होते. ‘एलएम-सेन्सर्स’ टाकून ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की तापमान दिसतं.

४. मग डेस्कटॉप

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, नेटवर्कचं चिन्ह, सूचना हे सगळं एकत्र. आइसडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स, ओपनबॉक्स हे नुसते विंडो मॅनेजर. खिडक्या हलवणं एवढंच त्यांचं काम, बाकीचं जोडून घ्यावं लागतं. ते रॅम वाचवतात, पण ब्लूटूथ, ब्राइटनेसची बटणं, दुसरा मॉनिटर यांची जुळणी तुमच्याकडे येते. घरातल्या दुसऱ्या कुणासाठी मशीन तयार करत असाल तर नुसता विंडो मॅनेजर देऊ नका. तीनशे एमबी वाचतील आणि आठवड्याला तीन फोन येतील.

*एक जीबी किंवा कमी.* अँटीएक्स, आइसडब्ल्यूएमसह. त्यात सिस्टमडी (मागच्या सेवा सुरू करणारी व्यवस्था) नाही, मागे चालणाऱ्या सेवा मोजक्याच आहेत. एकावेळी एकच टॅब, तोही साध्या पानाचा. पपी लिनक्सही या गटात बसतो. तो सगळा रॅममध्ये चढतो आणि डिस्कशिवाय चालतो, पण त्याची वापरण्याची पद्धत वेगळी आहे. बिघडलेल्या मशीनमधून डेटा काढायला तो उत्तम, रोजच्या वापरासाठी तो आमची पहिली पसंती नाही.

*दोन जीबी.* इथे एलएक्सक्यूटी किंवा एमएक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती. एलएक्सक्यूटीसाठी लुबंटू हे सोपं नाव, पण त्यात एक अडचण आहे : २२.०४ या आवृत्तीपासून उबंटू कुटुंबात (लुबंटू त्यातलाच) फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो. स्नॅप म्हणजे दाबून ठेवलेली प्रतिमा, ती उघडायला प्रत्येक वेळी प्रोसेसरला काम पडतं. एसएसडीवर हे खपतं. हार्ड डिस्क आणि दुबळा प्रोसेसर असेल तर फायरफॉक्सची पहिली खिडकी यायला अर्धा मिनिट लागला तरी नवल नाही. तेव्हा डेबियनवर एलएक्सक्यूटी टाकणं बरं, किंवा मोझिलाच्या अधिकृत भांडारातून साधं डेब पॅकेज घ्यावं.

*चार जीबी.* लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, किंवा एमएक्सची एक्सएफसीई. नवख्या माणसाला आम्ही मिंटच सुचवू. ड्रायव्हर मॅनेजर, अपडेट मॅनेजर आणि टाइमशिफ्ट (सिस्टमच्या प्रती ठेवणारा प्रोग्रॅम) एकाच जागी सापडतात, फायरफॉक्स स्नॅपशिवाय येतो आणि २२ वी मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेणार आहे. मिंट स्वतः किमान २ जीबी आणि आरामात चालायला ४ जीबी सांगतो, ते आकडे प्रामाणिक आहेत. लुबंटू २४.०४ आणि झुबंटू २४.०४ (उबंटूची एक्सएफसीई आवृत्ती) यांची मुदत तीनच वर्षांची, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. जुन्या मशीनवर आवृत्ती बदलणं हे अख्ख्या दुपारचं काम असतं, म्हणून आधार किती वर्षांचा हे निवडीआधीच बघा.

*आठ जीबी.* रॅमची काळजी सोडा, ग्राफिक्स बघा. २०११ आधीच्या इंटेल ग्राफिक्स चिपवर सिनॅमन, नोम, प्लाझ्मा हे जड डेस्कटॉप टाळा. त्यांची प्रत्येक खिडकी ग्राफिक्स चिप रंगवते आणि चिपला ते जमलं नाही की ते काम प्रोसेसरवर येतं. तिथेही एक्सएफसीईच घ्या. २०११ नंतरचं इंटेल ग्राफिक्स आणि एसएसडी असेल तर आवडेल ते टाका.

५. पेन ड्राइव्ह आणि चाचणी

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. आयएसओ (डिस्ट्रोची इन्स्टॉल फाइल) उतरवल्यावर ‘शा२५६सम’ ने तिची बेरीज काढा आणि डिस्ट्रोच्या पानावरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या सत्तर टक्क्यांवर अडकते आणि लोक दोष डिस्कला देतात. लिहायला विंडोजवर रुफस, कुठेही चालणारं बलेना एचर, किंवा दोन-तीन डिस्ट्रो पडताळायचे असतील तर व्हेंटॉय. व्हेंटॉय एकदा टाकला की पुढे आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या. फार जुन्या बायोसवर व्हेंटॉय कधी कधी रुसतो, तेव्हा रुफसमध्ये ‘एमबीआर’ निवडून लिहा.

बूटची यादी उघडायला डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, असुसवर एस्केप, एसरवर एफ१२ (त्याआधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन तो पर्याय चालू करावा लागतो).

लाइव्ह चालू झाल्यावर रॅमचा आकडा पाहून निकाल लावू नका. लाइव्हमध्ये केलेले बदल रॅममध्येच साठतात आणि सगळं पेन ड्राइव्हवरून वाचलं जातं, त्यामुळे तो नेहमी जड वाटतो. इथे तपासायचं ते हार्डवेअर : वायफाय दिसतं का, दोन्ही स्पीकर वाजतात का, दोन बोटांनी पान सरकतं का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, वेबकॅम लागतो का. आणि झाकण मिटून एक मिनिटाने उघडा. झोपलेलं मशीन जागंच झालं नाही तर तोच त्रास पुढे रोज होणार. दुसरा डिस्ट्रो, वेगळ्या कर्नलचा (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), लावून बघा. हे एक कारण डेस्कटॉपच्या आवडीनिवडीहून मोठं आहे.

६. इन्स्टॉल करताना

डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी ठेवायचा मोह होतो. १२० जीबीच्या डिस्कवर दोघांचीही कुचंबणा होते, शक्य असेल तर पूर्ण डिस्क लिनक्सला द्या.

विभागणी साधी ठेवा. यूईएफआय असेल तर ५१२ एमबीचा ईएफआय विभाग, बाकी सगळी जागा एका एक्स्ट४ विभागाला. होम (तुमच्या फाइलींची जागा) वेगळं ठेवायचं तर मुळाला, म्हणजे सिस्टमच्या विभागाला, किमान ३० जीबी द्या, फ्लॅटपॅक (सगळं सामान सोबत आणणारी पॅकेजं) वापरणार असाल तर ४०. पंधरा जीबी दिलेली मशीन वर्षभरात जुने कर्नल आणि टाइमशिफ्टच्या प्रतींनी भरतात आणि मग अपडेट अर्ध्यात थांबतं. टाइमशिफ्टच्या दोनच साप्ताहिक प्रती ठेवा.

डेबियन निवडलात तर सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर जपून. ‘डेबियन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ आणि ‘नोम’ यांच्यावर आधीच खूण असते. नोमवरची खूण काढा आणि एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीवर करा. नुसती पहिली खूण राहिली आणि खाली काहीच निवडलं नाही, तर नोमच बसतो. आधी नोम टाकून मग त्यावर हलका डेस्कटॉप चढवणं हाही चुकीचा मार्ग आहे, कारण नोमच्या मागे चालणाऱ्या सेवा तशाच राहतात आणि हलकेपणा मिळतच नाही.

७. पहिल्या दिवसाची कामं

सगळ्यात आधी झेडरॅम. यात रॅमचाच एक भाग दाबून ठेवलेल्या डेटासाठी राखला जातो. बाजूला पडलेला डेटा साधारण अर्ध्या ते एक तृतीयांश जागेत मावतो आणि डिस्कवरच्या स्वॅपसारखं (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) थांबावं लागत नाही. दोन जीबीच्या मशीनवर हा एक बदल डेस्कटॉप बदलण्याइतका मोलाचा आहे. डेबियन किंवा मिंटवर ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज टाका, मग ‘/इटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’ ही फाइल अ‍ॅडमिनच्या हक्काने उघडा. ‘अल्गो’ आणि ‘पर्सेंट’ या ओळींपुढची # खूण काढा, पहिलीत ‘झेडएसटीडी’ आणि दुसरीत ५० लिहा. प्रोसेसर फार दुबळा असेल तर झेडएसटीडीऐवजी ‘एलझेड४’, तो कमी दाबतो पण झपाट्याने. मशीन पुन्हा सुरू केल्यावर ‘स्वॅपऑन’ आज्ञेत झेडरॅमची ओळ दिसली पाहिजे. ‘स्वॅपिनेस’ (लिनक्सने स्वॅप किती सहज वापरावा याचा आकडा) १० करा हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो हार्ड डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता. झेडरॅमवर तो उलट नुकसान करतो, तिथे १०० किंवा जास्त ठेवा.

यासोबत ‘अर्लीऊम’ टाका. रॅम पूर्ण संपली की लिनक्स मिनिटन्‌मिनिटं गोठतो, माउससुद्धा हलत नाही आणि शेवटी माणूस पॉवरचं बटण दाबून धरतो. अर्लीऊम रॅम आणि स्वॅप दोन्हींची शिल्लक दहा टक्क्यांखाली गेली की सगळ्यात जड प्रक्रिया, म्हणजे बहुधा एखादा टॅब, आधीच बंद करतो. टॅब गेला तर परत उघडता येतो, लिहीत असलेलं पत्र वाचतं.

एक्सएफसीईत सेटिंग्जमधून ‘सेशन अँड स्टार्टअप’ उघडा आणि आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून प्रिंटर, ब्लूटूथ, स्वागताची खिडकी यातलं जे वापरत नाही ते काढा. प्रत्येकामागे वीस-तीस एमबी वाचतात. अपडेटचं चिन्ह आणि पॉवर मॅनेजर काढू नका. मग ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये ‘कंपोझिटर’, म्हणजे खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता जुळवणारा भाग. जुन्या ग्राफिक्सवर तो बंद केला की खिडक्या हलक्या होतात, पण व्हिडिओत आडवी चीर दिसू शकते. व्हिडिओ जास्त पाहत असाल तर चालू ठेवा, लिखाण जास्त असेल तर बंद.

देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसले (कमी सामानाच्या डिस्ट्रोंत होतं) तर नोटो किंवा लोहितचा देवनागरी फॉन्ट टाका. टाइप करायला आयबस (इतर लिप्या टाइप करायचा वेगळा प्रोग्रॅम) लागतोच असं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय गटातला देवनागरी मांडणीचा पर्याय जोडला तर वेगळी प्रक्रिया चालत नाही, रॅम लागत नाही.

८. ब्राउझर आणि व्हिडिओ

सगळ्यात मोठा खादाड इथे आहे. यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिरातींच्या स्क्रिप्ट थांबल्या की बातम्यांच्या पानांचा भार डोळ्यांना दिसेल इतका उतरतो. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या चौकटीत ‘अबाउट:अनलोड्स’ लिहिलं की न वापरलेले टॅब रॅममधून खाली करण्याचं बटण मिळतं. टॅब जागेवर राहतो, दाबला की पुन्हा उतरतो. दोन ब्राउझर एकदम उघडे ठेवू नका.

व्हिडिओ अडखळतो त्याचं कारण बहुतेक वेळा डेस्कटॉप नसतो. यूट्यूब आज व्हीपी९ किंवा एव्ही१ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत) चित्र पाठवतं. २०११ च्या सँडी ब्रिज चिपमध्ये एच२६४ उलगडण्याची सोय आहे, व्हीपी९ ची नाही. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ती पूर्णपणे केबी लेक या सातव्या पिढीपासून आली. म्हणजे सगळं उलगडणं प्रोसेसरवर पडतं, तो तापतो, पंखा ओरडतो. उपाय : ‘एन्हान्स्ड-एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन टाकून व्हीपी९ आणि एव्ही१ बंद करा, मग ‘आय९६५’ चा व्हीए-एपीआय ड्रायव्हर (उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारा) टाका आणि ७२०पी वर थांबा. ‘अबाउट:सपोर्ट’ या पानावर कोणता कोडेक हार्डवेअरवर चालतोय याचा तक्ता असतो. उतरवलेल्या फाइलींसाठी एमपीव्ही प्लेअर सगळ्यात हलका.

९. अडलं तर

लाइव्ह सुरू होताना काळी स्क्रीन : बूटच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा, एफ१० दाबा. हा फक्त आत शिरण्याचा दरवाजा आहे, कायम ठेवलात तर ग्राफिक्सचा वेग जातो. जुन्या एनव्हिडियासाठी कंपनीच्या ३४० आणि ३९० मालिकांच्या ड्रायव्हरची देखभाल थांबली आहे, तिथे कर्नलसोबत येणारा नूवो ड्रायव्हरच राहू द्या.

वायफाय दिसत नाही आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, असा पेच ब्रॉडकॉमच्या कार्डांवर नेहमी येतो. फोन यूएसबीने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला वायरवालं नेटवर्क समजतो. मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर, किंवा डेबियनवर ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’. कोणतं कार्ड आहे हे ‘एलएसपीसीआय -के’ सांगते.

ब्राउझर प्रत्येक पानावर प्रमाणपत्राची चूक दाखवतोय आणि अपडेटही ‘फाइल अजून वैध नाही’ म्हणून नाकारतंय, असं झालं तर घड्याळ पाहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लॅपटॉपमधला बायोसचा सेल संपलेला असतो आणि तारीख कारखान्यातल्या वर्षावर गेलेली असते. सेल बहुतेक सीआर२०३२ असतो, लॅपटॉपमध्ये तो दोन बारीक तारा आणि इवल्याशा प्लगसह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सापडतो. प्लग तारेला धरून ओढू नका, नखाने दोन्ही बाजूंनी हलवत काढा. नवा लावल्यावर बायोसमध्ये तारीख भरा आणि साटाचा मोड परत ‘एएचसीआय’ आहे ना ते तपासा, कारण सेल गेला की तोही मूळ जागी गेलेला असू शकतो.